मोटारसायकलचे लोखंडी कॅरिअर

मोटारसायकलचे लोखंडी कॅरिअर म्हणजे मोटारसायकलच्या आसनामागे अथवा मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस सामान वाहून नेण्यासाठी बसविलेला लोखंडी सांगाडा होय. कारखान्यातून गाडीसोबत येणारे कॅरिअर आणि वेल्डिंगच्या दुकानात गरजेप्रमाणे बनवून घेतलेले कॅरिअर असे त्याचे दोन मुख्य भेद आहेत. प्रस्तुत लेख दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यातील नांदेड, लातूर, हिंगोली व परभणी या जिल्ह्यांत, दूध, भाजीपाला, खते, बियाणे आणि फवारणीचे पंप नेण्यासाठी अशी कॅरिअर सर्रास वापरली जातात. त्यांची बांधणी साधी दिसली, तरी भार कोठे ठेवला आहे, सांगाडा गाडीला कोठे जोडला आहे आणि वेल्डिंगचा जोड कसा बसला आहे या तीन गोष्टींवर चालकाची सुरक्षितता अवलंबून असते.

नाव

‘कॅरिअर’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला व सायकलच्या मागील सामान ठेवण्याच्या जाळीसाठी रूढ झाला. बोलीत त्याचे ‘कॅरेज’ असेही रूप ऐकू येते. मोटारसायकलींचा प्रसार झाल्यावर सायकलचा हा शब्द मोटारसायकललाही लागू झाला. दुधाचे कॅन अडकविण्यासाठी बाजूंना बसविलेल्या सांगाड्यास ‘कॅनचे स्टँड’ किंवा नुसते ‘अँगल’ म्हणतात. ‘अँगल’ हे मूळचे काटकोनी लोखंडी पट्टीचे नाव असून ते त्यापासून बनविलेल्या वस्तूलाही मिळाले आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारसायकलींना चालकापुरतेच आसन असे व त्यामागे सामानासाठी लोखंडी जाळी असे. सहप्रवासी बसवावयाचा झाल्यास त्या जाळीवरच गादी बांधली जाई. दोघांसाठी सलग लांब आसन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रूढ झाले. त्यामुळे सामानाची जागा मागे किंवा बाजूंस सरकली. आजच्या कॅरिअरमुळे उद्भवणाऱ्या तोलाच्या प्रश्नाचे मूळ या स्थलांतरात आहे.

भारतात १९६० च्या दशकात राजदूत व जावा (पुढे येझदी) या मोटारसायकली बाजारात आल्या. राजदूत गाडी ग्रामीण भागात, विशेषतः दूध व्यावसायिकांमध्ये, लोकप्रिय झाली. १९७२ साली कायनेटिक कंपनीची ‘लुना’ ही हलकी मोपेड आली, तर पुढे बजाज कंपनीची ‘एम-८०’ ही गाडी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ओझे वाहण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९८५ साली हीरो होंडा कंपनीची ‘सीडी १००’ आणि १९९४ साली ‘स्प्लेंडर’ ही मोटारसायकल बाजारात आल्यानंतर चार आघाती इंजिनाच्या, कमी इंधन लागणाऱ्या १०० सीसी गाड्यांचे युग सुरू झाले. या गाड्या प्रामुख्याने दोन व्यक्तींच्या प्रवासासाठी आखलेल्या होत्या. खेड्यांत मात्र पूर्वीच्या गाड्यांवर लादले जाणारे ओझे या गाड्यांवरही लादले जाऊ लागले.

कारखान्यातील कॅरिअर आणि खेड्यातील गरज यांतील अंतर एका उदाहरणावरून स्पष्ट होते. बजाज कंपनीची २०२१ साली आलेली ‘सीटी ११० एक्स’ ही गाडी खडबडीत रस्त्यांसाठी म्हणून विकली गेली. तिला मागे कॅरिअर दिलेले होते व त्याची सांगितलेली क्षमता ७ किलो होती. याउलट युरियाचे एक पोते ४५ किलोचे व डीएपी खताचे पोते ५० किलोचे असते. ही तफावत भरून काढण्याचे काम गावोगावची वेल्डिंगची दुकाने करतात.

हदगाव परिसरातील वापर

हदगाव हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते नांदेडच्या ईशान्येस, नांदेड–नागपूर मार्गावर वसलेले आहे. पैनगंगा नदी तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका लागतो. परिसरातील जमीन मुख्यतः काळी व खोल असून कापूस, सोयाबीन, हळद व ऊस ही प्रमुख पिके आहेत. तालुक्याच्या बाजारातून खत-बियाणे गावी नेणे, गावातून दूध व भाजीपाला बाजारात आणणे आणि घरापासून शेतापर्यंत पंप, पाइप व अवजारे पोहोचविणे या तिन्ही कामांसाठी मोटारसायकल वापरली जाते.

दूधसंकलनाची स्थानिक पद्धतही कॅरिअरच्या रचनेवर परिणाम करते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत लाल कंधारी आणि देवणी या देशी गोवंशांचे मूळ क्षेत्र आहे. या जाती शेतीकामासाठी नावाजलेल्या असून एका घरी मिळणारे दूध बेताचेच असते. त्यामुळे दूध गोळा करणाऱ्यास एका फेरीत अनेक दारी थांबावे लागते व कॅन टप्प्याटप्प्याने भरत जातो. परिणामी एकाच फेरीत गाडीवरील भार सतत बदलत राहतो. दोन्ही बाजूंचे कॅन आळीपाळीने न भरल्यास तोल एका बाजूस जातो.

काळ्या जमिनीचा आणखी एक परिणाम पावसाळ्यात दिसतो. चिकट चिखल चाक व मडगार्ड यांच्यामध्ये साचतो. कॅरिअरचे आडवे दांडे चाकाच्या फार जवळ असतील, तर तेथेही चिखल अडकून चाक जाम होऊ शकते. म्हणून या भागात बनविल्या जाणाऱ्या सांगाड्यात चाकापासून पुरेशी मोकळी जागा ठेवणे विशेष महत्त्वाचे ठरते.

कॅरिअर बनविणारे कारागीर बहुधा शेतीची अवजारे, ट्रॉली, खिडक्यांच्या जाळ्या, दरवाजे व शटर यांची कामे करणारे वेल्डर असतात. त्यांच्यापैकी काहींची घराणी परंपरेने लोहारकाम करणारी आहेत. कॅरिअरचा नकाशा कागदावर क्वचितच काढला जातो. गाडी दुकानासमोर उभी करून, वाहावयाची वस्तू प्रत्यक्ष शेजारी ठेवून मापे घेतली जातात.

प्रकार

रचनेनुसार कॅरिअरचे पुढील प्रकार आढळतात.

माथ्यावरचे कॅरिअर: आसनाच्या मागे, मागील दिव्याच्या वर आडवी बसविलेली चौकट. पिशव्या, डबे व लहान पेट्या यांसाठी ती वापरतात. तिचा भार मागील आसाच्या मागे पडत असल्याने जड वस्तूंसाठी ती योग्य नसते.

बाजूचे कॅरिअर: मागील चाकाच्या डाव्या व उजव्या बाजूंस लटकणारी चौकट. दुधाचे कॅन, भाजीच्या टोपल्या व गॅस सिलिंडर यांसाठी ती उपयोगी पडते. भार खाली राहतो हा तिचा गुण, तर गाडीची रुंदी वाढते हा दोष होय.

काढता-घालता येणारे कॅरिअर: आसनावरून आडवे टाकलेले, दोन्ही बाजूंस आकडे असलेले जोड-सांगाडे. काम संपल्यावर ते उतरवून ठेवता येतात व गाडी पुन्हा कुटुंबाच्या प्रवासासाठी वापरता येते.

भार आणि तोल

कॅरिअरच्या सुरक्षिततेचा पहिला प्रश्न लोखंडाच्या जाडीचा नसून भाराच्या जागेचा असतो. १०० सीसी मोटारसायकलच्या पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतर साधारणपणे १२४ सेमी असते. मागील आसाच्या ३० सेमी मागे ४० किलो वजन ठेवल्यास तरफेच्या नियमाने पुढील चाकावरचा भार सुमारे १० किलोने घटतो व मागील चाकावरचा भार सुमारे ५० किलोने वाढतो. पुढील चाक हलके झाल्याने हँडल थरथरते, वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते व पुढील ब्रेकची पकड कमी होते. तेच ४० किलो वजन आसनावर, मागील आसाच्या २५ सेमी पुढे ठेवल्यास पुढील चाकावर सुमारे ८ किलो व मागील चाकावर सुमारे ३२ किलो भार वाढतो आणि गाडी ताब्यात राहते. यावरून जड ओझे शक्य तितके पुढे व खाली, तर हलके ओझे मागे व वर, असा नियम निघतो.

दुसरा प्रश्न एकूण वजनाचा आहे. १०० सीसी गाड्यांची वाहनक्षमता चालकासह साधारणपणे १३० ते १५० किलो असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने ४० लिटर दुधाचे वजन सुमारे ४१ किलो होते आणि ॲल्युमिनिअमच्या कॅनसह ते सुमारे ४८ किलो भरते. असे दोन भरलेले कॅन व ६५ किलो वजनाचा चालक मिळून १६१ किलो होतात, म्हणजे गाडीची मर्यादा ओलांडली जाते. २० लिटरचे दोन कॅन घेतल्यास कॅनसह ते सुमारे ५० किलो भरतात व चालकासह एकूण भार ११५ किलोच्या आसपास, मर्यादेच्या आत राहतो. लोखंड कितीही भक्कम घातले, तरी टायर, ब्रेक व शॉकॲब्सॉर्बर यांची क्षमता त्याने वाढत नाही.

तिसरा प्रश्न दोन्ही बाजूंच्या समतोलाचा आहे. ४० लिटरचा एकच भरलेला कॅन गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेमी अंतरावर लटकत असेल, तर ११२ किलोची गाडी व ६५ किलोचा चालक धरून एकत्रित गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून सुमारे साडेसात सेमी बाजूला सरकतो. सरळ चालण्यासाठी चालकास गाडी सतत विरुद्ध बाजूस कलती ठेवावी लागते. ओल्या रस्त्यावर अशी गाडी घसरण्याचा धोका अधिक असतो. अर्धा भरलेला कॅन आणखी एक अडचण निर्माण करतो. काठोकाठ भरलेल्या कॅनमधील दूध जवळपास स्थिर राहते, तर अर्ध्या कॅनमधील दूध हिंदकळून वळणावर व ब्रेक लावताना धक्का देते.

साहित्य

कॅरिअरसाठी सौम्य पोलाद, म्हणजे बाजारात ‘एमएस’ या नावाने मिळणारे लोखंड वापरतात. ते वाकविण्यास व वेल्डिंगला सोपे असते. सळई, पट्टी, अँगल व पाइप या चार रूपांत ते उपलब्ध असते. पाइप सामान्यतः २० फुटी लांबीत मिळतो. एका कॅरिअरला तेवढा लागत नसल्याने दुकानातील उरलेल्या तुकड्यांतूनही काम भागते.

भरीव सळई पाइपपेक्षा मजबूत असते हा समज सर्वत्र आढळतो, परंतु वाकण्याच्या बाबतीत तो खरा नाही. १० मिमी व्यासाच्या भरीव सळईचे वजन मीटरला सुमारे ०.६२ किलो असते. १९ मिमी बाह्य व्यास व १.६ मिमी जाडीच्या पाइपचे वजन मीटरला सुमारे ०.६९ किलो भरते. वजनातील फरक नाममात्र असला, तरी त्या पाइपचा वाकण्यास होणारा विरोध सळईच्या जवळपास पावणेसात पट असतो. धातू मध्यापासून जितका दूर, तितका तो वाकण्यास अधिक विरोध करतो, हे त्याचे कारण आहे. म्हणून चौकटीस व आधाराच्या दांड्यांस पाइप, तर सामान टेकण्याच्या जाळीस पट्टी किंवा सळई, अशी विभागणी योग्य ठरते.

४० सेमी लांब व २५ सेमी रुंद अशा माथ्यावरच्या कॅरिअरसाठी पुढीलप्रमाणे साहित्य लागते: चौकटीसाठी १.३ मीटर पाइप, दोन तिरप्या आधारांसाठी ०.७ मीटर पाइप, तीन आडव्या पट्ट्यांसाठी २५ × ३ मिमीची ०.७५ मीटर पट्टी आणि गाडीला जोडण्याच्या दोन कानांसाठी २५ × ५ मिमीची सुमारे पाव मीटर पट्टी. या सर्वांचे वजन सुमारे दोन किलो होते. कॅरिअरचे वजनही गाडीच्या वाहनक्षमतेतूनच वजा होत असल्याने विनाकारण जाड लोखंड वापरणे हा तोटाच ठरतो.

बांधणी

मोजमाप व जोडण्याच्या जागा

कॅरिअर गाडीच्या मूळ सांगाड्यास, म्हणजे चॅसिसला, वेल्डिंगने न जोडता बोल्टने जोडणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. चॅसिसचा पाइप पातळ असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या धातूचा गुण बदलतो व पुढे तेथेच तडा जाण्याची शक्यता वाढते. कॅरिअर तुटले तर दुरुस्त करता येते. चॅसिस तुटल्यास गाडी निकामी होते. गाडीवर आधीच असलेले बोल्ट यासाठी उपयोगी पडतात: मागील पकडीचे बोल्ट, शॉकॲब्सॉर्बरचा वरचा जोड आणि सहप्रवाशाच्या पायदानाचा जोड. कॅरिअर किमान चार ठिकाणी, त्यांतील दोन जागा वर व दोन खाली अशा, जोडल्यास ते हलत नाही.

सांगाडा मागील चाकासोबत वर-खाली होणाऱ्या भागास, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘चिमट्या’स, जोडू नये. तसे केल्यास रस्त्याचा प्रत्येक धक्का ओझ्यास थेट बसतो. मापे घेताना गाडीवर दोन माणसे बसवून शॉकॲब्सॉर्बर दाबले असता चाक किती वर येते, हे पाहिले जाते. सायलेन्सर बहुधा उजव्या बाजूस असल्याने त्या बाजूची चौकट त्याच्या उष्णतेपासून दूर ठेवावी लागते. पंक्चर झाल्यास कॅरिअर न काढता चाक निघेल, साखळी ताणता येईल आणि किक मारताना पाय अडणार नाही, याचीही खातरजमा आधीच केली जाते. कानांची छिद्रे अचूक यावीत म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून तो प्रत्यक्ष गाडीवर लावून पाहण्याची रीत आहे.

कापणी व वाकवणे

पाइप करवतीने किंवा ग्राइंडरने कापतात व कडा कानशीने घासून साफ करतात. पाइप थेट वाकविल्यास तो वळणावर चेपतो. ते टाळण्यासाठी पाइपात कोरडी बारीक वाळू ठासून भरतात, दोन्ही टोके लाकडी खुंटीने बंद करतात आणि वळणाची जागा लाल करून वाकवितात. वाळू पूर्ण कोरडी असणे अत्यावश्यक असते. ओलसर वाळूतील पाण्याची वाफ होऊन खुंटी गोळीसारखी उडू शकते. वाकविण्याचे यंत्र किंवा भट्टी नसेल, तर कोपऱ्यावर पाइप तिरपे कापून ते काटकोनात जोडले जातात. अशा जोडांवर वळणापेक्षा अधिक ताण येत असल्याने कोपऱ्यात त्रिकोणी पट्टीचा आधार देणे इष्ट असते.

वेल्डिंग

प्रथम सर्व तुकडे सपाट जागेवर मांडून, गुण्याने काटकोन तपासून, प्रत्येक जोडास छोटे टाके मारले जातात. या अवस्थेत सांगाडा गाडीवर लावून पाहतात. तो बरोबर बसल्यावरच पूर्ण जोड भरतात. वितळलेला धातू थंड होताना आकसतो व सांगाडा आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूचे जोड सलग भरल्यास चौकट पिळवटते व छिद्रे जुळेनाशी होतात. म्हणून समोरासमोरचे जोड आळीपाळीने भरले जातात.

दीड मिमीच्या आसपास जाडी असलेल्या पाइपासाठी २.५ मिमीची वेल्डिंग काडी व कमी प्रवाह वापरतात. प्रवाह अधिक झाल्यास पाइपाला भोक पडते. फार कमी झाल्यास धातू वरवर चिकटतो, आत मुरत नाही. असा जोड दिसायला जाडजूड असला, तरी पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटू शकतो. जोडावरील मळी ठोकून काढल्याशिवाय त्याचा खरा दर्जा दिसत नाही. चांगला जोड दोन्ही तुकड्यांत मिसळलेला, सलग व लहान लाटांचा दिसतो. बाजूने खाच पडलेला जोड तेथूनच तडकतो. पाइपाची दोन्ही तोंडे बंद करावयाची असल्यास आतील तापलेली हवा बाहेर पडण्यासाठी सर्वांत खालच्या जागी एक बारीक छिद्र ठेवतात. पुढे तेच छिद्र आत शिरलेले पाणी निघून जाण्यास उपयोगी पडते.

सांगाडा गाडीवर लावलेला असताना टाके मारावे लागल्यास बॅटरीच्या तारा आधी सोडवतात व पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत इंधनपुरवठा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने नियंत्रित होतो. वेल्डिंगचा प्रवाह गाडीतून गेल्यास ती यंत्रणा जळण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा गाड्यांसाठी सांगाडा जमिनीवरच पूर्ण करणे श्रेयस्कर असते.

रंगकाम व बसवणी

तयार सांगाडा तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून त्यावर रेड ऑक्साइडचा थर देतात. तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन थर दिले जातात. जोडांच्या खालची बाजू रंगविण्याचे राहून जाते व गंज तेथूनच धरतो. दूध व खत ही दोन्ही लोखंडाला घातक असतात. सांडलेले दूध आंबून आम्ल होते, तर खतातील क्षार ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे अशा कॅरिअरला वरचेवर पाण्याने धुणे आवश्यक असते.

बसविताना ८ मिमीचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि नायलॉक नट वापरतात. गाडीच्या कंपनाने साधे नट सैल होतात. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळून पाहिले जातात. कॅन धातूवर थेट टेकू नये म्हणून जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी मध्ये घालतात. सामान बांधण्यासाठीही ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या जातात. मात्र त्यांचे सुटे टोक चाकात किंवा साखळीत जाणार नाही अशी गाठ मारणे महत्त्वाचे असते.

कारागिराची सुरक्षितता

वेल्डिंगच्या प्रखर प्रकाशातील अतिनील किरणांमुळे डोळ्यांच्या पृष्ठभागास इजा होते. त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. साधा काळा चष्मा यापासून बचाव करीत नाही. त्यासाठी वेल्डिंगची विशिष्ट काच असलेला मुखवटा लागतो. दुकानासमोर थांबलेल्या गिऱ्हाइकांनी व मुलांनीही त्या प्रकाशाकडे पाहू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा जुना पाइप वापरल्यास वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. असा पाइप वापरणे टाळतात किंवा जोडाच्या जागेवरील मुलामा आधी घासून काढतात व काम उघड्यावर करतात.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील व उत्पादकाने मूळ ठरविलेली वैशिष्ट्ये यांत तफावत पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल ग्राह्य नसल्याचे सांगितले. २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ मध्ये, अनुमती नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चॅसिस कापणे, लांबविणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे हे बोल्टने बसविलेल्या, काढता येणाऱ्या कॅरिअरपेक्षा कायद्याच्या दृष्टीनेही अधिक गंभीर ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलवर सहप्रवाशासाठी हाताने धरण्याची पकड, पायदान आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. या संरक्षणास बोलीत ‘साडीगार्ड’ म्हणतात. बाजूचे कॅरिअर बसविताना जागेसाठी साडीगार्ड काढून टाकले जाते व पुढे कॅन उतरवून त्याच गाडीवर घरातील स्त्रियांना नेले जाते. अशा वेळी साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकून प्राणघातक अपघात होऊ शकतो. म्हणून साडीगार्ड कायम ठेवून त्याच्या बाहेरून चौकट बसविणे किंवा चौकटीलाच तशी जाळी जोडणे आवश्यक असते.

२०२० च्या जुलै महिन्यातील दुरुस्तीने याच नियमात मोटारसायकलवरील हलक्या डब्यासंबंधी मर्यादा घालण्यात आली. डब्याची लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी व उंची ५०० मिमीपेक्षा अधिक असू नये. डबा सहप्रवाशाच्या जागी बसविल्यास गाडीवर केवळ चालक असावा. डबा त्या जागेच्या मागे असल्यास सहप्रवासी बसू शकतो. कॅरिअर कोणतेही असले, तरी मागील दिवा, दिशादर्शक दिवे व नोंदणी क्रमांकाची पाटी झाकली जाऊ नये. पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या दूधवाल्यांसाठी कॅरिअरच्या मागील व बाहेरील कडांवर परावर्तक पट्टी लावणे हा अल्प खर्चाचा उपयुक्त उपाय आहे.

दोष व देखभाल

कॅरिअर बहुधा एकाएकी तुटत नाही. खड्ड्यातील धक्क्यात भाराचा परिणाम स्थिर वजनाच्या दोन-तीन पट होऊ शकतो. असे धक्के हजारो वेळा बसल्यावर जोडाच्या कडेला केसाएवढा तडा सुरू होतो व हळूहळू वाढतो. तड्यात पाणी शिरून गंज धरतो व रंगावर तांबूस रेघ उमटते. जोडालगत अशी रेघ दिसणे ही तड्याची सर्वांत विश्वसनीय खूण मानली जाते. पान्याने हलके ठोकल्यास अखंड दांडा खणखणीत वाजतो, तर तडा गेलेला दांडा बद्द आवाज देतो. सामान नसतानाही कॅरिअरचा खडखडाट ऐकू येणे हे नट सैल झाल्याचे किंवा एखादा जोड सुटल्याचे लक्षण असते.

तडा आढळल्यास त्यावर नुसता वेल्डिंगचा थर चढविणे पुरेसे नसते. तडा मुळापर्यंत घासून काढून, त्या जागी पुन्हा जोड भरून, वरून आधाराची पट्टी लावावी लागते. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेल्यास दोष जोडाचा नसून रचनेचा किंवा भाराचा आहे असे समजावे. अशा वेळी आधाराचा दांडा वाढवावा लागतो किंवा ओझे कमी करावे लागते. बाजूच्या कॅरिअरचा खालचा दांडा सुटून चाकाच्या आऱ्यांत गेल्यास चाक क्षणात अडकते व चालक फेकला जातो. या कारणास्तव खालच्या दांड्यांचे जोड व त्यांचे बोल्ट यांची तपासणी रोजच्या फेरीपूर्वी करण्याची सवय अनुभवी दूधवाले बाळगतात. मागील टायरची हवा वाढत्या भारानुसार पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवणे, मागील ब्रेक व साखळी वेळेवर तपासणे आणि रिकाम्या परतीच्या फेरीत कॅन घट्ट बांधणे हेही या देखभालीचाच भाग आहेत.